खालच्या चौकाचा वळसा

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी उलट्या बाजूनं सायकल चालवली नाही. आमच्या वस्तीतून बाहेर पडलं की समोरच मोठ्या रस्त्याचा दुभाजक फोडून केलेली वाट आहे. सगळी वस्ती तिथून घुसते आणि उलट्या बाजूनं जाऊन दूध आणते, मुलं शाळेत सोडते, वरातीसुद्धा नेते. वडील मात्र खालच्या चौकापर्यंत जायचे आणि तिथून वळसा घालूनच पलीकडे यायचे. मी सायकलच्या दांडीवर बसून चिडायचे. "बाबा, सगळे तर तिकडून जातात." ते म्हणायचे, "जाऊ दे की." बस्स, एवढंच. उपदेश नाही, राग नाही. माझा स्वभाव तापट, आईवर गेलेला. मला त्यांचं हे नाकासमोर चालणं कधीच सहन व्हायचं नाही.

ते सरकारी शाळेत शिपाई होते. नोकरीत असतानाच त्यांनी बायपासच्या अलीकडे, एका शेताचे तुकडे पाडून विकले जात होते तिथं, एक तुकडा घेतला. आमच्या शहरात अशा जागेला गुंठेवारी म्हणतात आणि शहराचा बराच भाग तिच्यावरच उभा आहे. पुढं अशी घरं नियमित करून घ्यायची सोय झाली. वस्तीतले लोक "कुणी विचारलं तर बघू" म्हणत बसले, आणि वडील पहिल्याच दिवशी रांगेत जाऊन उभे राहिले. घर नियमात बसलं त्या दिवशी त्यांनी पेढे आणले. आईनं विचारलं, "आत्तापर्यंत काय चोराच्या घरात राहत होतो का आपण?" ते हसले. पण त्यांना खरोखर तसंच वाटत असावं.

घर म्हणजे एकामागं एक अशा तीन खोल्या. मागं स्वयंपाकघर, मध्ये झोपायची खोली, आणि पुढची खोली सगळ्यांत शेवटी, जमेल तशी बांधलेली. ती आईची खोली. आईचे गुडघे गेलेत. विहार चढावर आहे, तिथवर तिला चालवत नाही. मग वस्तीतल्या बायकांनीच ठरवलं की वर्षावासातलं धम्मग्रंथाचं वाचन हिच्याकडे करायचं. पावसाळ्याचे ते महिने संध्याकाळी पुढच्या खोलीत सतरंजी पडायची, मेणबत्ती लागायची, बाया पांढऱ्या साड्या नेसून यायच्या, आणि आई चष्मा नाकावर ओढून मोठ्यानं वाचायची. एखाद्या शब्दाशी अडलं की वाचन थांबायचं आणि सगळ्याजणी मिळून त्याचा अर्थ लावत बसायच्या. पौर्णिमेला खीर. लग्न होऊन मी शहरातच, पण लांब, गारखेड्याला गेले तरी पौर्णिमेला मुद्दाम यायचे. खिरीसाठी आले म्हणायचे, पण खरं तर आईला असं सगळ्यांच्या मधोमध बसलेलं बघायला यायचे.

त्या खोलीचं दार सागवानी होतं. जुन्या शहरातली कुठलीशी इमारत पाडली तेव्हा वडिलांनी ते चौकटीसकट आणलं होतं, आणि आईनं त्याला निळा ऑइलपेंट दिला होता. दार जडशीळ आणि जरासं खाली बसलेलं. नुसतं ढकललं तर फरशीला घासून कर्र आवाज करायचं, म्हणून थोडं वर उचलून लावावं लागायचं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला आई आतून ओरडायची, "उचलून लावा हो!"

रस्त्याच्या पलीकडे, आमच्या बरोबर समोर, एक काका-काकू राहतात. काकांचे वाडवडील वैजापूरकडं मेंढरं राखायचे. काका गवंड्याच्या हाताखाली काम करत शहरात आले, पण जनावराची सवय सुटेना म्हणून दाराशी शेळ्या बांधून राहिले. वडिलांना ते दादा म्हणतात, आईला अक्का. सकाळी ते रामराम घालायचे, वडील जयभीम म्हणायचे, आणि कधी लहर आली की दोघं मुद्दाम उलटं करायचे आणि हसायचे. काकांनी घर स्वतःच्या हातानं बांधलं होतं. वर पत्रे, पण भिंती अशा सरळ आणि अशा एकसंध की वडील येणाऱ्या पाहुण्याला रस्ता ओलांडून त्या दाखवायला न्यायचे.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती विसरून चालणार नाही. वस्तीला रुंद रस्ता हवा ही मागणी वडिलांचीच होती. मागच्या गल्लीतल्या एका बाईला बाळंतपणाच्या वेळी खाटेवर घालून ॲम्ब्युलन्सपर्यंत न्यावं लागलं होतं, तेव्हा ह्याच माणसानं घरोघर फिरून सह्या गोळा केल्या होत्या. नकाशात रस्ता होताच, भरपूर रुंद. जमिनीवर तेवढा नव्हता. मग बऱ्याच वर्षांनी एक दिवस तिपाईवर दुर्बीण लावून माणसं आली. फीत धरली, आकडे ओरडून सांगितले, आणि आमच्या बाजूच्या घरांवर ओळीनं लाल रेघा मारून गेली. आमच्या घरावर रेघ पडली ती बाहेरच्या भिंतीवर, पुढची खोली संपते आणि मधली सुरू होते तिथं. म्हणजे अख्खी पुढची खोली रस्त्यात जाणार.

पाठोपाठ भोंग्याची गाडी आली. नागरिकांनी आपापली अतिक्रमणं स्वतःहून काढून घ्यावीत आणि सहकार्य करावं, असं एक बाई गोड आवाजात सांगत होती. आवाज आधीच भरून ठेवलेला होता. वडील रस्त्याच्या कडेला ताठ उभे राहून ते शेवटपर्यंत ऐकत होते. अतिक्रमण या शब्दाला त्यांचा चेहरा उतरला, असं आई सांगते. तिनं मला फोन केला आणि मी कामावरून तशीच निघाले. मी एका दवाखान्यात बिलं करते, माणसांशी हुज्जत घालायची मला सवय आहे. आल्या आल्या म्हटलं, "बाबा, आधी लेखी मागा. आपलं घर नियमात आहे. मोबदल्याचं काय ते सांगा म्हणावं, मग बघू."

"रस्ता आपणच मागितला व्हता ना?" ते म्हणाले.

"रस्ता मागितला होता. घर देतो म्हटलं नव्हतं."

"मग रस्ता काय हवेतून जाईल व्हय?"

 आई पुढच्या खोलीत सतरंजीची घडी घालत होती. घडी घातलेलीच होती, ती उलगडून पुन्हा घालत होती.

पाडापाडीचं यंत्र एकदा आलं की ते वीट, लोखंड, खिडकी असं काही बघत नाही, सगळ्याचा चुरा करतं. म्हणून रेघ पडली की आमच्याकडे लोक आपलं घर आपणच पाडून घेतात. आता ती रीतच झाली आहे. घण आणि पहारी एकमेकांकडून मागून आणायच्या, मेहुणे-भाचे बोलवायचे, सगळ्यांसाठी मोठ्या पातेल्यात चहा टाकायचा, आणि कामाला लागायचं. वरवर बघणाऱ्याला वाटावं घरात कार्य आहे. आमच्या बाजूला पहिला घण वडिलांनी घातला. त्यांनी घातला म्हणून शेजारच्या काही जणांनीही घातला. बाकीचे म्हणाले, बघू.

समोरचे काका कामाला सुट्टी घालून आले. त्यांनी आधी दार सोडवलं. चौकटीच्या कडेची एकेक वीट छिन्नीनं अशी काढली की सांध्याला धक्का लागला नाही. मधल्या खोलीची वाट अरुंद, तिथं हे दार बसत नव्हतं. वडील म्हणाले, विकून टाकू. काका म्हणाले, "दादा, सागवान हाय. इकू नका. कवातरी लागंल, तवा म्या सवता बसवून दीन." मग ते दार चौकटीसकट मधल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. आई दिवसभर मागच्या अंगणात घराकडे पाठ करून बसली होती. छताचा शेवटचा तुकडा खाली आला तेव्हा ती दचकली, पण वळली नाही.

यंत्र आलं त्या दिवशी आमच्या घरापाशी त्याला काही कामच नव्हतं. बरोबरचे साहेब गाडीतून उतरले, वडिलांचा हात हातात घेतला आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "असे नागरिक पाहिजेत." कुणीतरी फोटो काढला. रात्री जेवताना वडील म्हणाले, "साहेब माणूस चांगला हाय." तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. आता त्या आनंदाची कीव येते, आणि खरं सांगायचं तर संताप बरा होता.

त्यानंतर काहीच झालं नाही. रस्ता वरच्या वळणापर्यंत आला आणि थांबला. वळणाच्या पलीकडे दुभाजक झाला, त्यात झाडं लागली, खांबांना रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या, आणि हे सगळं कुणाच्या प्रयत्नांतून झालं ते सांगणारा भलामोठा फलक लागला. फलकावर चेहरे पुष्कळ होते. रस्ता पुरा कधी होणार ते मात्र नव्हतं. झाडं उन्हाळ्यात वाळली, मग पुन्हा नवी लावली. आमच्या पुढ्यात तेवढा मुरूम आणि आमच्याच घरांचा राडारोडा. मधल्या खोलीच्या वाटेला दारच नव्हतं, ती उघड्यावर आली. वडिलांनी हिरवी जाळी आणून बांधली, पण पलंगावर पडलेली आई येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचीच. ती कूस बदलताना आधी पदर सारखा करायला शिकली. धूळ इतकी की ताटावर दुसरं ताट झाकून जेवायला बसायचं.

पावसाळा आला. बाया विचारायला आल्या, यंदा वाचन कुठं करायचं. आई म्हणाली, "बघा तुमीच." त्यांनी दुसरीकडे सोय केली. एकदा तिला रिक्षानं घेऊन गेल्या. पुढच्या खेपेला ती म्हणाली, गुडघे फार दुखतात. गुडघे आधीही दुखतच होते.

थंडी सुरू होता होता पुन्हा दुर्बीण आली. माणसं निराळी होती. या वेळी फीत आमच्याकडे आलीच नाही. रस्त्याचा मध्य म्हणे समोरच्या बाजूला सरकला होता. लाल रेघा आता पलीकडच्या घरांवर पडल्या, आणि आमच्या बाजूला रस्ता आमच्या जुन्या पायरीच्याही बाहेरूनच जात होता. कुणी म्हणालं, वळणाजवळ लग्नाच्या एका लॉन्सची भिंत मध्ये येत होती, तिला वाचवलं. कुणी म्हणालं, पहिली मोजणीच चुकली होती. खरं काय ते मला आजही माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असायला हवं त्यांनाही नसावं अशी मला शंका आहे. आमच्या बाजूला ज्यांनी नुसतं "बघू" म्हटलं होतं त्यांच्या पुढच्या खोल्या जशाच्या तशा राहिल्या. संध्याकाळी ते ओट्यावर बसून चहा प्यायचे. त्यांचा काही दोष नव्हता, तरी मला त्यांच्या कपबश्यांचा आवाज सहन व्हायचा नाही.

सगळे वडिलांना म्हणाले, बांधून टाका परत, कोण विचारतंय. मीही म्हटलं. काका तर थापी घेऊनच आले. वडील हलेनात. "जुनी रेघ रद्द झाली असं सांगितलं का कुणी? उद्या परत अतिक्रमण म्हणतील." रेघ अजून भिंतीच्या कडेला होती, उन्हानं जराशी फिकी झालेली. आई एकदा तिच्यावर चुना फिरवायला निघाली तर वडिलांनी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सरकारी हाय ते." आई हसली. किती महिन्यांनी हसली, आणि हसली ती अशी.

वडिलांचं मागणं एवढंच होतं की कुणीतरी जबाबदार माणसानं सांगावं, तुमच्या घरावरची रेघ रद्द झाली, खोली बांधा. पैसे नकोत, माफी नको. हे एक वाक्य मिळालं की दुसऱ्या दिवशी ते पाया खोदणार होते, आणि आईला पुन्हा पुढच्या खोलीत बसवणार होते. पुढच्या पावसाळ्याच्या आत, असं त्यांनी तिला कबूल केलं होतं.

रस्त्याचं काम ज्या कचेरीकडे होतं तिचं नाव मी इथं घेत नाही. घेऊनही उपयोग नाही, कारण त्या कचेरीत गेलं की दुसऱ्या कचेरीचं नाव सांगतात. महिन्यातून एकदा तिथं लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस असतो, सोमवारी. वडील त्या दिवसासाठी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवायचे, शाळेत पंधरा ऑगस्टला घालायचे तोच. जायचे, बाकावर बसायचे, आपला नंबर आला की उभं राहून बोलायचे, आणि हात हलवत परत यायचे. एकदा मीच रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले.

समोरचे साहेब तरुण होते. उर्मट नव्हते. त्यांनी वडिलांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"काका, तुमची खोली कुणी पाडली?"

"आमीच पाडली साहेब. सांगितलं व्हतं म्हणून."

"कुणी सांगितलं? नोटीस आली होती?"

"गाडी आली व्हती."

"गाडी सगळ्यांनाच सांगते, काका. असं बघा, आम्ही पाडलं असतं तर पंचनामा झाला असता, नोंद असती. तुमचं काही पाडल्याची आमच्याकडे नोंदच नाही. तुम्ही तुमच्या मर्जीनं पाडलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "मग ती रेघ काय आम्हीच मारून घेतली का घरावर?"

"ताई, ती आधीच्या मोजणीची. आधीची मोजणी दुसऱ्या विभागानं केली."

वडिलांनी माझा हात दाबला. "साहेब, ती रेघ रद्द झाली, तेवढं फक्त सांगता का?"

साहेब खरोखर विचारात पडले. मग म्हणाले, "काका, रद्द करायला आधी ती आमच्याकडे असायला पाहिजे ना." ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्यामुळं भांडायलाही जागा उरली नाही.

बाहेर आल्यावर वडील पायरीवर बसले. मी चहा आणला तो तसाच थंड झाला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मर्जीनं म्हणत्यात."  त्यांना स्कूटरवर मागं बसवून घरी आणताना मी फोडलेल्या दुभाजकाशी वळायला लागले, तर मागून खांद्यावर हात पडला. "खालून घे," ते म्हणाले. त्या दिवशीसुद्धा आम्ही वळसा घालूनच घरी गेलो. मी वाटेत रडत होते, गाडी चालवताना ते कळत नाही ते एक बरं.

त्यानंतर भोंग्याची गाडी पलीकडच्या बाजूसाठी फिरू लागली. बाई तीच, गोड आवाज तोच. एका रविवारी मी माहेरी असताना काका आले आणि जाळीपाशी खाली बसले.

"दादा, आता आमची पाळी. तुमी म्हणाल तसं करतो. तुमी पाडलं तसं पाडून घेऊ का? पत्रं तरी वाचतील. दार वाचंल."

 वडील काय सांगणार ते मला पाठ होतं. नियम आहे, साहेबांनी सांगितलं आहे, रस्ता सगळ्यांचा आहे. पण ते म्हणाले, "नको. एक वीट हलवू नको. येऊ दे त्यांना. त्यांनी पाडलं तर नोंद व्हईल. मग कुणाला तरी उत्तर द्यावंच लागंल."

"नक्की का दादा? बाई लई भ्यायलीय. पत्रं तरी काढून ठिवू म्हणतीय."

"माझं बघतोयस ना काय झालं ते."

"व्हय," काका म्हणाले. ते शेळ्यांना पाला टाकायचा म्हणून उठून गेले. मला त्या क्षणी वडिलांचा अभिमान वाटला होता. एकदाचे शहाणे झाले, असं वाटलं होतं. आई तेवढी माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला कशाला सांगितलं."

यंत्र सकाळी आलं. आईनं फोन केला आणि मी पोचले तेव्हा अर्धं झालं होतं. काकूंनी भांडी, गाद्या आणि शेळ्या आमच्या जाळीत आणून ठेवल्या होत्या, बाकी सगळं आतच. नोंद नीट व्हावी म्हणून घर जसंच्या तसं ठेवलं होतं. यंत्राच्या दातानं रेघेपुढची भिंत ओढली. पण काकांची ती एकसंध भिंत. ती रेघेपाशी तुटायची सोडून रेघेच्या आतल्या भिंतीलाही घेऊन आली. पत्रे वरून वाकले आणि दुमडून खाली बसले. दाराची चौकट मधोमध फुटली. वडील हात वर करून रस्त्यात धावले. "रेघ बघा! रेघेच्या आत चाललंय तुमचं, रेघ बघा!" एवढ्या मोठ्यानं ओरडताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. आवाज चिरकला होता. एका पोलिसानं त्यांच्या दंडाला धरून कडेला आणलं, अगदी हळूच, आणि म्हणाला, "आजोबा, सहकार्य करा." पलीकडे उभे होते ते साहेब तेच, ज्यांनी त्यांचा हात हातात घेतला होता. त्यांनी वडिलांकडे पाहिलं. ओळखलं नाही.

दुपारी पंचनामा झाला. काकांना वाचता येतं, पण जोडाक्षरांशी अडखळतात, म्हणून ते कागद घेऊन वडिलांकडे आले. अंगावर सगळा चुना. "दादा, झाली का नोंद? बघा बरं."

वडिलांनी चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं की अतिक्रमण काढण्यात आलं. एवढंच. रेघेच्या आतलं घर गेलं, त्याबद्दल एक अक्षर नाही.

"झाली," वडील म्हणाले.

"काय लिव्हलंय?"

वडिलांनी कागदाची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. "नोंद झाली," ते पुन्हा म्हणाले आणि आत निघून गेले. मी काकांना वाचून दाखवलं. कुणीतरी दाखवायला हवंच होतं. ते मान हलवत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाच्या घराबद्दल ऐकत होते.

काकांनी एकदाही म्हटलं नाही की दादा, तुम्ही सांगितलं म्हणून थांबलो. काकूंनी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर वडिलांना सोसायला सोपं गेलं असतं. सगळ्यांत मागं वाचलेल्या एका खोलीत ते दोघं राहू लागले. पुढून गोणपाट लावलं, आणि रात्री कुत्री आत शिरायची. काकू शेळ्यांच्या दाव्याला हात घालून झोपायच्या.

पुढच्या रविवारी मी गेले तर वडील भिंतीला टेकवलेलं दार पुसत होते. म्हणाले, "जरा त्या बाजूनं धर." मला वाटलं जागा बदलायची आहे. धरलं. तर ते सरळ रस्त्याकडे निघाले. दार भयंकर जड. मधे मुरुमावर एकदा टेकवावं लागलं. काकू गोणपाट बाजूला सारून बाहेर आल्या आणि दोन्ही हात नाही नाही करत हलवू लागल्या. काका म्हणाले, "दादा, असं नका करू. तुमच्या पुढच्या खोलीला लागंल की ते."

"आमची खोली आता व्हायची नाय," वडील म्हणाले. "पडून ऱ्हाण्यापरीस तू लाव."

आई जाळीच्या आत उभी होती. तिला ते असं कळलं, रस्त्यापलीकडून. तिला कबूल केलेला पावसाळा त्या एका वाक्यात संपला. ती पलंगावर जाऊन बसली आणि पदर सारखा केला. मला वाटलं होतं मी चिडेन, वडिलांवर ओरडेन. पण माझ्यात चिडायला काही उरलंच नव्हतं. ज्याच्याशी आयुष्यभर भांडायचं तो माणूस समोर नसल्यासारखं झालं.

काकांनी दार त्याच दिवशी बसवलं, कबूल केल्याप्रमाणं, स्वतःच्या हातानं. वडिलांनी ओळंबा धरला. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होते. संध्याकाळी काकूंनी पहिल्यांदा दार लावलं तेव्हा पलीकडून कर्र आवाज आला, आणि आई पलंगावरूनच ओरडली, "उचलून लाव गं!" काकूंनी उचलून लावलं.

पुढच्या तक्रारीच्या सोमवारी इस्त्रीचा शर्ट खुंटीवरच राहिला. मी त्या दिवशी रजा काढून आले होते, बरोबर जावं म्हणून. वडील म्हणाले, कचेरीत नको, औषधाच्या दुकानात ने, आईच्या गोळ्या संपल्यात. त्यांना मागं बसवून मी निघाले. फोडलेल्या दुभाजकापाशी आले आणि ते मागं आहेत म्हणून आपणहून खालच्या चौकाकडे जायला गाडी वळवू लागले. खांद्यावर हात पडला.

"इथूनच घाल," वडील म्हणाले.

मी गाडी थांबवून मागं पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. मागून हॉर्न वाजायला लागले तशी मी त्या वाटेनं गाडी घातली आणि उलट्या बाजूनं चालवू लागले. समोरून येणारा एक टेम्पोवाला शिवी हासडून गेला. वडील मान खाली घालून बसून होते.